शय्येपासून बांधापर्यंत : हृद्विकारोत्तर पुनर्वसनाचा इतिहास आणि चंद्रपूर–गडचिरोलीचा प्रदेश

१. प्रश्नाचे स्वरूप

हृद्विकाराच्या झटक्यातून वाचलेल्या मनुष्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आपण जगू काय, हा पहिला. आणि जगलो तर पूर्वीसारखे काम करू शकू काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा इतिहास औषधे, उपकरणे आणि शस्त्रक्रिया यांचा इतिहास असून तो पुष्कळ ठिकाणी नोंदला गेला आहे. दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास त्या मानाने दुर्लक्षित राहिला. वास्तविक रुग्णाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक काळ टिकणारा होय. दवाखान्यातील मुक्काम काही दिवसांचा असतो. त्यानंतरची वर्षे रुग्णाला आपल्या घरात, आपल्या शेतात आणि आपल्या माणसांत काढावयाची असतात.

या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरास आज 'हृद्विकारोत्तर पुनर्वसन' असे म्हणतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यबहुल जिल्ह्यांचा या विषयाशी संबंध काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. हृद्रोहिणींच्या शस्त्रक्रियेची मोठी केंद्रे येथे नव्हती. परंतु रुग्णाचे पुनर्वसन श्रमातून कसे घडते, या श्रमाची मात्रा कोणी ठरवावी आणि डॉक्टर जवळ नसता ती कोणी पाळावी, या तीन प्रश्नांचा विचार या प्रदेशात निरनिराळ्या निमित्तांनी दीर्घकाळ झालेला आहे. तसेच हृद्विकारातून सावरण्याच्या अनुभवावरील मराठीतील एक सुप्रसिद्ध ग्रंथ याच प्रदेशात काम करणाऱ्या डॉक्टरने लिहिला आहे. म्हणून जागतिक वैद्यकातील या कल्पनेचा विकास आणि या प्रदेशाचा अनुभव यांचा एकत्र विचार करणे उपयुक्त ठरेल.

२. विश्रांतीचे युग

हृद्शूलाचे पहिले सविस्तर शास्त्रीय वर्णन विल्यम हेबर्डेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या वैद्यमंडळापुढे केले. त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या विकाराच्या उपचारासंबंधी एक लहानसे निरीक्षण आढळते. एका रुग्णाने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला व तो जवळजवळ बरा झाला, असे त्याने नमूद केले आहे. सागवानाच्या जंगलांसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रदेशातील वाचकास ही नोंद विशेष कुतूहलाची वाटेल. तथापि पुढील सुमारे दीड शतकात वैद्यकाने या निरीक्षणाचा पाठपुरावा फारसा केला नाही.

१९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी हृद्रोहिणीत गुठळी होऊनही रुग्ण जगू शकतो, हे दाखवून दिले. त्यापूर्वी असा झटका म्हणजे मृत्यूच, अशी सर्वसाधारण समजूत होती. रुग्ण जगतो हे कळताच त्याला जपावे कसे, हा प्रश्न निर्माण झाला, आणि 'संपूर्ण विश्रांती' हे त्याचे उत्तर ठरले. १९३९ साली मॅलरी, व्हाइट व सॅल्सेडो-सालगार या संशोधकांनी मृत रुग्णांच्या हृदयांचे परीक्षण केले. हृदयाच्या स्नायूवरील जखम भरून तेथे पक्का व्रण तयार होण्यास सुमारे सहा आठवडे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. शवविच्छेदनातील हे निरीक्षण अचूक होते. मात्र त्यावरून जिवंत रुग्णाने सहा आठवडे अंथरुणात निश्चल पडून राहावे असा जो नियम काढला गेला, तो निरीक्षणाच्या पलीकडचा होता. रुग्णास स्वतःच्या हाताने जेवण्याचीही मनाई असे. घरी गेल्यावर जिना चढावयाचा नाही, ओझे उचलावयाचे नाही, असे निर्बंध पुढे वर्ष वर्ष चालत.

या पद्धतीचे दुष्परिणाम दोन प्रकारचे होते. दीर्घकाळ पडून राहिल्यामुळे पायांतील शिरांत गुठळ्या होत व त्या फुप्फुसात जाऊन मृत्यू घडे. स्नायू क्षीण होत, हाडे ठिसूळ होत. दुसरा परिणाम मनावरचा होता. आपले हृदय काचेचे झाले आहे, या भावनेने रुग्ण कायमचा अपंग बनत असे. झटक्याने जे नेले नव्हते ते उपचाराने नेले, असे म्हणण्याजोगी ही अवस्था होती.

३. खुर्ची, जिना आणि राष्ट्राध्यक्ष

या विश्रांतिवादाला पहिला प्रभावी धक्का १९५२ साली बसला. बोस्टनचे सॅम्युएल लेव्हाइन आणि त्यांचे तरुण सहकारी बर्नार्ड लाउन यांनी ८१ रुग्णांना झटक्यानंतर लवकरच बिछान्यातून उठवून आरामखुर्चीत बसविले आणि त्याचे वृत्त प्रसिद्ध केले. खुर्चीत बसणे ही आज क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु त्या काळी ते धाडस होते. खुर्चीत बसविल्याने रुग्णांना अपाय झाल्याचे दिसले नाही; उलट त्यांची प्रकृती व उमेद दोन्ही सुधारली.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, लंडनमध्ये जेरी मॉरिस यांचा सुप्रसिद्ध अभ्यास बाहेर आला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांतील चालक दिवसभर बसून असत, तर वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. पगार, वस्ती आणि राहणी पुष्कळशी समान असता वाहकांमध्ये हृद्विकार कमी व सौम्य आढळला. श्रम हृदयाला झिजवितो या समजुतीच्या विरुद्ध जाणारा हा पुरावा होता. त्याच दशकात क्लीव्हलंड येथे हर्मन हेलरस्टाइन यांनी हृद्रुग्णाला कोणते काम झेपेल याचे प्रत्यक्ष मोजमाप करून त्याला कामावर परत पाठविण्याचा उपक्रम चालविला.

२४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृद्विकाराचा झटका आला. १९३९ च्या त्या शोधनिबंधातील एक लेखक पॉल डडली व्हाइट हेच त्यांचे सल्लागार होते. मधल्या काळात त्यांचे मत बदललेले होते आणि चालणे व सायकल चालविणे यांचा ते जाहीर पुरस्कार करीत. राष्ट्राध्यक्ष सुमारे सात आठवड्यांनी रुग्णालयातून बाहेर आले, कामावर रुजू झाले आणि १९५६ च्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले. हृद्विकारानंतर मनुष्य जबाबदारीचे काम करू शकतो, ही गोष्ट एका व्यक्तीच्या उदाहरणाने जगापुढे आली. १९६४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने हृद्रुग्णांच्या पुनर्वसनावर स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

विश्रांतीच्या हानीचे निर्णायक मोजमाप १९६६ साली डॅलस येथे झाले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवण्यात आले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घटली आणि नंतर सुमारे आठ आठवड्यांच्या शिस्तबद्ध व्यायामाने ती भरून आली. याच पाच जणांची तीस वर्षांनंतर पुन्हा तपासणी झाली, तेव्हा तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी हानी झाली त्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने केली होती, असे दिसले.

येथून पुढे पुनर्वसनाचे शास्त्र आकारास आले. विश्रांतीच्या स्थितीत शरीराला लागणारी ऊर्जा हे एकक धरून निरनिराळ्या कामांचे मोल ठरविण्यात आले. सपाटीवर साधारण गतीने चालण्यास सुमारे तीन एकके, तर कुऱ्हाडीने लाकूड फोडण्यास सुमारे सहा एकके लागतात. रुग्णाची क्षमता मोजावी, तिच्या आत राहून श्रम सुरू करावा व तो क्रमाक्रमाने वाढवीत न्यावा, हे या शास्त्राचे सार होय. औषधाप्रमाणे श्रमालाही मात्रा असते, हा सिद्धान्त त्यामुळे प्रस्थापित झाला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक समीक्षेत ८५ चाचण्या आणि २३,४३० रुग्ण यांचा आढावा घेण्यात आला. व्यायामप्रधान पुनर्वसनाने हृद्विकारजन्य मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटतात, असा तिचा निष्कर्ष आहे.

४. श्रमाच्या विचाराची भूमी

पाश्चात्य वैद्यक खुर्चीपर्यंत पोचत असता तत्कालीन चांदा जिल्ह्यात वरोऱ्याजवळ एक वेगळा प्रयोग सुरू होत होता. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली खडकाळ माळावर आनंदवनाची वसाहत उभी राहू लागली. त्या काळात कुष्ठरोगावर परिणामकारक औषध उपलब्ध झाले होते; परंतु रोगमुक्त झालेला मनुष्य समाजमुक्तच राही. त्याला भीक मागण्यावाचून गत्यंतर नसे. बाबा आमटे यांनी या माणसांच्या हाती कुदळ दिली. त्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, कापड विणले, घरे बांधली. १९६७ पासून मूल तालुक्यातील सोमनाथ येथे शेतीचा व श्रमसंस्काराचा विस्तार झाला. रोग बरा होणे आणि रोगी पूर्ववत् होणे या दोन भिन्न घटना आहेत. दुसरी घटना श्रमावाचून घडत नाही, हे आनंदवनाने दाखविले.

कुष्ठरोग आणि हृद्विकार यांचे स्वरूप सर्वथा भिन्न आहे, आणि आनंदवनातून हृद्विकारोत्तर पुनर्वसनाची पद्धत निघाली असे म्हणता येणार नाही. साम्य आहे ते तत्त्वापुरते. ज्या हाताची संवेदना गेली आहे त्या हाताने काम करावयाचे तर अवजाराची मूठ, कामाचा अवधी आणि कातडीची रोजची तपासणी यांकडे लक्ष द्यावे लागते. नाहीतर काम हेच जखमेचे कारण होते. दुबळ्या झालेल्या हृदयाची गोष्टही अशीच आहे. श्रम टाळल्याने दौर्बल्य वाढते आणि श्रम अविचाराने केल्यास इजा होते. दोहोंच्या मधली वाट मोजूनमापून काढावी लागते.

चांद्याच्या वायव्येस असलेल्या वर्धा–सेवाग्रामच्या परिसरात याच सुमारास नई तालीम ही हातांच्या कामातून ज्ञान देणारी शिक्षणपद्धती चालू होती. तिच्यात शिकलेल्या मुलांपैकी एक म्हणजे अर्थशास्त्रज्ञ व सर्वोदयी कार्यकर्ते ठाकुरदास बंग यांचे चिरंजीव अभय बंग होत. त्यांचा जन्म १९५० सालचा.

५. मजुराच्या श्रमाचा हिशेब

डॉ. अभय बंग यांच्या कार्याचा एक भाग हृद्विकाराशी असंबद्ध वाटला तरी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी महाराष्ट्रातील रोजगार हमीच्या मजुरांच्या किमान वेतनाची चिकित्सा केली. मजुराच्या शरीराला कष्टाच्या कामासाठी किती ऊर्जा लागते, तेवढे अन्न मिळविण्यास किती पैसे पडतात आणि त्याच्यावर किती माणसे अवलंबून असतात, याचा हिशेब वेतन ठरविताना कमी धरला गेला आहे, असे त्यांनी दाखविले. क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत हृद्रुग्णाचे श्रम ज्या एककांत मोजले जात होते, त्याच स्वरूपाचे मोजमाप येथे मजुराच्या ताटासाठी करण्यात आले. शरीराच्या श्रमाचे गणित हे मूलतः न्यायाचेही गणित आहे, हा त्याचा अर्थ.

१९८४ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण पुरे करून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग परत आले आणि १९८६ पासून त्यांनी 'सर्च' या संस्थेद्वारा गडचिरोलीत कार्य सुरू केले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा त्या वेळी अगदी नवा होता. तेथील दारूच्या प्रश्नावर लोकांची चळवळ उभी राहून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. धानोरा मार्गावर शोधग्राम ही वसाहत उभारण्यात आली आणि तेथील रुग्णालयास आदिवासींच्या श्रद्धेस अनुसरून माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले.

याच काळात नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग चालू झाला. ३९ गावांतील स्त्रियांना शिक्षण देऊन 'आरोग्यदूत' बनविण्यात आले. आईच्या घरी जाऊन बालकाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब देणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच उपचार सुरू करणे ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे वृत्त १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले, आणि २०११ साली भारत सरकारने घरगुती नवजात सेवेचा अंतर्भाव राष्ट्रीय कार्यक्रमात केला. ज्या सेवेला रुग्णालय अनिवार्य मानले जात होते, तिचा मोठा भाग घराच्या उंबरठ्याच्या आत आणता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

६. १९९५ चा हृद्विकार आणि त्याचा ग्रंथ

हे सारे कार्य ऐन भरात असता १९९५ साली, वयाच्या ४४ व्या वर्षी, डॉ. अभय बंग यांना हृद्विकार जडला. अँजिओप्लास्टीने, म्हणजे फुग्याच्या साहाय्याने, त्यांची अरुंद झालेली हृद्रोहिणी रुंद करण्यात आली. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी प्रथम केलेली ही क्रिया एव्हाना भारतातही रुळली होती. फुग्याने अडथळा दूर होतो. पण अडथळा निर्माण करणारा रोग दूर होत नाही. ही जाणीव हाच त्यांच्या पुढील शोधाचा आरंभबिंदू ठरला.

त्या सुमारास कॅलिफोर्नियातील डॉ. डीन ऑर्निश यांचा प्रयोग वैद्यकविश्वात चर्चिला जात होता. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रयोगगटात २८ आणि तुलनागटात २० रुग्ण होते. अत्यल्प स्निग्धांशाचा शाकाहार, नियमित चालणे, धूम्रपानाचा त्याग, योगासने व ध्यान आणि समदुःखी रुग्णांचा आधारगट ही त्याची अंगे होती. एका वर्षानंतर प्रयोगगटातील बहुसंख्य रुग्णांच्या हृद्रोहिणींतील अडथळा अल्पसा का होईना, मागे हटल्याचे दिसले. ऑर्निश यांना योगाची प्रेरणा स्वामी सच्चिदानंद या दक्षिण भारतीय संन्याशाकडून मिळाली होती. भारतातून अमेरिकेत गेलेली ही साधना तेथे क्ष-किरणचित्रांची कसोटी देऊन पुन्हा गडचिरोलीच्या अरण्यात आली, हा विचारांच्या प्रवासाचा एक मनोज्ञ दाखला होय.

डॉ. बंग यांनी आपल्या आजाराकडे संशोधकाच्या दृष्टीने पाहिले. स्वतःचा आहार, स्वतःची धावपळ, स्वतःचा राग आणि स्वतःची महत्त्वाकांक्षा यांचीच त्यांनी झडती घेतली. चालणे, आहारातील बदल, योग व ध्यान यांचा अभ्यास सुरू झाला. या अनुभवाचे कथन त्यांनी 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या ग्रंथात केले. राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केलेला हा ग्रंथ महाराष्ट्रात घरोघर पोचला.

ग्रंथाचे नाव विचार करण्यासारखे आहे. 'साक्षात्कार' हा संतवाङ्मयातील आणि अध्यात्मातील शब्द. 'हृदयरोग' हा वैद्यकातील. या दोहोंची सांगड घालून लेखकाने मराठी वाचकाच्या परिचयाच्या मार्गाने त्याला आधुनिक रोगनिदानाकडे नेले. आजार म्हणजे केवळ शत्रू नसून तो आपल्या जगण्याविषयी काही सांगू पाहतो, ही भूमिका मराठी मनास परकी नाही. मात्र त्या भूमिकेला येथे रक्तातील चरबीच्या आकड्यांची आणि वैद्यकीय प्रयोगांच्या निष्कर्षांची जोड मिळाली. जे ज्ञान डॉक्टरच्या टिपणवहीत होते ते रुग्णाच्या दिनचर्येत आले, आणि रुग्ण हा उपचाराचा विषय न राहता कर्ता झाला. मराठीपुरते पाहता या ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व यात आहे.

ऑर्निश यांच्या प्रयोगातील रुग्णसंख्या लहान होती आणि त्यांचे पथ्य फार कडक होते, हे आक्षेप योग्यच आहेत. योगाच्या बाबतीत अधिक व्यापक कसोटी पुढे भारतातच झाली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत देशातील २४ केंद्रांतील ३,९५९ हृद्रुग्णांचा समावेश होता. योगाधिष्ठित पुनर्वसनाने रुग्णांना आपली प्रकृती अधिक चांगली वाटू लागली व ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. परंतु मृत्यू, पुन्हा येणारा झटका इत्यादी गंभीर घटना निश्चितपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. योग व ध्यान ही औषधे आणि वैद्यकीय तपासणी यांच्या जागी नव्हे, तर त्यांच्या जोडीस घ्यावयाची साधने आहेत, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

७. मजुराचे हृदय

येथे एक मूलभूत अडचण उपस्थित होते. उपरोक्त ग्रंथाचा नायक स्वतः डॉक्टर होता. शोधनिबंध वाचण्याची पात्रता, दिनचर्या बदलण्याची मुभा आणि सहकाऱ्यांचा आधार त्याला लाभला होता. बसगाडीचा चालक, कचेरीतील अधिकारी आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या अनुभवातून निर्माण झालेले हे शास्त्र बहुतांशी बैठ्या माणसाचे शास्त्र आहे. त्याचा पहिला आदेश 'रोज चाला' हा होय. चामोर्शी, धानोरा अथवा सिंदेवाही तालुक्यातील ज्या स्त्रीला सरपणासाठी आणि मोहफुलांसाठी रोज रानात जावे लागते, तिला या आदेशाचा उपयोग काय?

या दोन जिल्ह्यांतील श्रमाचे वेळापत्रक ऋतूंनी ठरविलेले आहे. चैत्रात मोहफुले वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, पावसाळ्यात धानाची रोवणी, पुढे कापणी व मळणी. रोवणीत दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभे राहावे लागते. तेंदूपत्त्याच्या हंगामात चंद्रपूरच्या परिसरात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि उष्णतेने हृदयावरील भार आणखी वाढतो. ओझे उचलताना श्वास रोखला जातो व रक्तदाब एकदम चढतो. म्हणजे बैठ्या रुग्णाच्या पुनर्वसनात श्रमाची भर घालावयाची असते, तर मजुराच्या पुनर्वसनात श्रम काही काळ कमी करून तो पायरीपायरीने पूर्वपदावर आणावयाचा असतो. पहिल्यासाठी इच्छाशक्ती पुरते. दुसऱ्यासाठी मजुरी बुडाली तरी चूल पेटती राहील अशी व्यवस्था लागते. किमान वेतनाच्या त्या जुन्या हिशेबाशी हा प्रश्न येथे येऊन मिळतो.

हा प्रश्न काल्पनिक नाही. रक्तवाहिन्यांचे विकार हे शहरी सुखवस्तूंचे विकार होत, ही समजूत गडचिरोलीतच खोटी ठरली. 'सर्च'च्या संशोधकांनी तेथील ८६ गावांतील मृत्यूंचा पाठपुरावा करून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार मृत्यूच्या कारणांत पक्षाघात अग्रस्थानी होता. सुमारे दर सात मृत्यूंमागे एक मृत्यू त्याने घडला होता. पक्षाघात हा मेंदूचा विकार असला तरी उच्च रक्तदाब आणि तंबाखू ही त्याची कारणे हृद्विकाराचीही कारणे आहेत. तंबाखू, सुपारी व चुना घोटून केलेला खर्रा या प्रदेशात घराघरांत, बाजारात आणि कामाच्या जागी खाल्ला जातो; पाहुण्यापुढेही तो ठेवला जातो. दारू व तंबाखू यांच्या नियंत्रणासाठी शासनाच्या सहभागाने 'मुक्तिपथ' हा उपक्रम गडचिरोली जिल्ह्यात २०१६ साली सुरू झाला, त्याचे महत्त्व या संदर्भात ध्यानात येते. झटक्यानंतर तंबाखू सोडणे हे पुनर्वसनातील सर्वांत स्वस्त आणि अत्यंत परिणामकारक अंग आहे.

अंतराचा प्रश्नही तितकाच खडतर आहे. गडचिरोलीपासून नागपूर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. भामरागड त्याहूनही फार दूर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. २०१२ साली राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. पुढे तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव देण्यात आले. या योजनेमुळे हृद्रोहिणींवरील महागड्या उपचारांचा खर्च गरिबाच्या आवाक्यात आला, ही मोठी गोष्ट होय. परंतु नागपुरात रोहिणी रुंद करून घेऊन गावी परतलेल्या मजुराच्या पुढील दीड-दोन महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीची तरतूद तीत नाही, आणि आठवड्यातून तीनदा शहरातील व्यायामकेंद्रात येण्याचा सल्ला त्याच्या दृष्टीने निरर्थक आहे.

८. उपसंहार

वरील इतिहासावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. हृद्विकारोत्तर विश्रांतीचा नियम एका अचूक निरीक्षणावरून काढलेल्या चुकीच्या अनुमानातून जन्मला आणि तो मोडण्यास प्रथम एक खुर्ची पुरेशी झाली. श्रम हा रोगाचे कारण नसून योग्य मात्रेत तो औषध आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. मराठी समाजात हा विचार एका डॉक्टर-रुग्णाच्या आत्मकथनाने रुजविला. मात्र ज्या अरण्यप्रदेशातून ते आत्मकथन आले, त्याच प्रदेशातील कष्टकरी रुग्णापर्यंत हे शास्त्र त्याच्या गरजेच्या रूपात अद्याप पुरतेपणी पोचलेले नाही.

ते पोचविण्याची साधने परकी नाहीत. रोगमुक्ताला काम देणे हाच त्याचा सन्मान, हे आनंदवनाने शिकविले. श्रमाचे मोजमाप मजुराच्या बाजूने करता येते, हे वेतनाच्या चिकित्सेने दाखविले. गावातील थोडे शिकलेली स्त्री श्वास मोजू शकते, वजन करू शकते आणि धोक्याचे लक्षण ओळखू शकते, हे आरोग्यदूतांनी सिद्ध केले. जी स्त्री बालकाचा श्वास मोजते, तिला झटक्यातून उठलेल्या मनुष्याची नाडी व रक्तदाब मोजणे, त्याच्या गोळ्या चालू आहेत की नाहीत हे पाहणे, खर्रा सुटला काय हे विचारणे आणि या आठवड्यात बांधापर्यंत, पुढच्या आठवड्यात बोडीपर्यंत असे कामाचे टप्पे सांगणे अशक्य नसावे. या तीन अनुभवांचा संगम हृद्रुग्णाच्या बाबतीत घडविणे हे पुढील कार्य आहे.

हेबर्डेनच्या रुग्णाने लाकूड कापले ते स्वेच्छेने, रोज अर्धा तास. त्याला कंटाळा आला असता तर तो करवत खाली ठेवू शकत होता. चंद्रपूर–गडचिरोलीच्या रानातील लाकूडतोड्याला ती मोकळीक नाही. हृद्विकारानंतर काही आठवडे तरी त्याला कुऱ्हाड खाली ठेवता यावी आणि त्यानंतर ती निर्भयपणे पुन्हा उचलता यावी, या दोन्ही गोष्टी साधतील तेव्हाच या प्रदेशापुरता पुनर्वसनाचा इतिहास पूर्ण झाला असे म्हणता येईल.